ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी सातवीच्या वर्गाला थोर व्यक्तींची चरित्रे वाटून दिली. माझ्या वाट्याला खाशाबा जाधव आले. आले म्हणजे मीच हात वर करून मागून घेतले. कारण आमच्या घरात कुस्तीचा नाद आहे. माझ्या आबांनी म्हणजे आजोबांनी ऐंशी पार केली आहे. गुडघे धरलेत, जिना चढवत नाही, पण जत्रेत कुस्त्यांचा फड आहे असं कळलं की काठी घेऊन सर्वांच्या आधी तयार. त्यांना जेवताना काय खाल्लं ते संध्याकाळी आठवत नाही. पण कोणत्या साली कोणत्या जत्रेत कोणी कोणाला कोणत्या डावावर पाडलं ते विचारा, लगेच सांगतील. म्हणून काही माहिती मी शाळेतल्या पुस्तकांतून घेतली आहे आणि काही आबांकडून.

सातारा जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर नावाचे गाव आहे. तेथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. वडिलांचे नाव दादासाहेब. ते स्वतः पैलवान होते. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. ते पाच वर्षांचे असतानाच वडिलांनी त्यांना लाल मातीत उतरवले. पहाटे उठायचं, तालमीत जायचं, जोर-बैठका काढायच्या, मग शेतातलं काम आणि शाळा. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये त्यांचे शिक्षण झाले. सन १९४२ च्या चळवळीत त्यांनी भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा दिला, पत्रके वाटली. तेव्हा ते सोळा वर्षांचे होते, म्हणजे आपल्यापेक्षा फक्त चार वर्षांनी मोठे.

खाशाबा अंगाने काही धिप्पाड नव्हते. पैलवान म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर मोठं पोट, जाड मान आणि मिशा येतात. खाशाबांचं तसं नव्हतं. ते लहान चणीचे, पण चपळ. त्यांचा ढाक हा डाव फार प्रसिद्ध होता. समोरच्याची मान बगलेत धरायची आणि कंबरेवरून त्याला फिरवून आपटायचं. आबांनी मला हा डाव अंगणात दाखवायचा प्रयत्न केला होता. आईने दोघांनाही रागावून घरात घेतलं.

पुढे शिकण्यासाठी ते कोल्हापूरला राजाराम कॉलेजात गेले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीचं माहेरघर. शाहू महाराजांनी तेथे तालमींना आश्रय दिला आणि खासबागेचे मैदान बांधले. बाबुराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांनी खाशाबांना घडवले.

सन १९४८ साली लंडनला ऑलिंपिक सामने भरले. भारताला स्वातंत्र्य मिळून एक वर्ष झाले होते. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला आणि खाशाबा लंडनला गेले. आता येथे एक गोष्ट समजून घ्यायला पाहिजे. आपल्याकडची कुस्ती मातीत होते. अनवाणी पायांनी, लंगोट लावून. दोन्ही खांदे मातीला टेकले की गडी चीतपट, कुस्ती निकाली. तोपर्यंत अर्धा तास लागो नाहीतर दोन तास. ऑलिंपिकमध्ये मात्र गादीवर कुस्ती. पायांत बूट. वेळ मोजून दिलेली. पंच गुण लिहितात, आणि पाठ टेकली नाही तरी गुणांवर हारजीत ठरते. मातीत पाय रुततो, गादीवर तो सरकतो. ज्याने जन्मभर मातीत डाव मारले त्याला गादी म्हणजे पोहणाऱ्याला एकदम नव्या नदीत टाकल्यासारखं. खाशाबांचा गादीचा सराव नव्हता. तरी त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या मल्लाला काही मिनिटांतच हरवले, अमेरिकेच्या मल्लालाही हरवले. नंतर इराणच्या मल्लाकडून ते हरले. सर्वांत हलक्या वजनगटात, म्हणजे ५२ किलोच्या गटात, त्यांचा सहावा क्रमांक आला.

सहावा नंबर म्हणजे काही वाईट नाही. पण खाशाबा गप्प बसले नाहीत. परत आल्यावर त्यांनी चार वर्षे सराव केला. गादीची कुस्ती शिकून घेतली. वजन वाढवून ते ५७ किलोच्या गटात खेळू लागले.

सन १९५२ चे ऑलिंपिक फिनलंड देशात, हेलसिंकी या शहरात होते. हा देश युरोपच्या पार उत्तरेला आहे. आपल्या वर्गातल्या नकाशात तो वरच्या पट्टीच्या जवळ दिसतो. तेथे जायचं म्हणजे आधी निवड व्हायला पाहिजे. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला, असं खाशाबांचं म्हणणं होतं. एका गुणासाठी नाव वगळलं गेलं. दुसरा कोणी असता तर नशिबाला दोष देऊन घरी आला असता. खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज खेळांचे शौकीन होते. त्यांनी पुन्हा चाचणी घ्यायला लावली आणि त्या चाचणीत खाशाबांनी समोरच्यांना पाडून आपली जागा मिळवली.

जागा मिळाली, पण पैसे कुठे होते? सरकारी मदत पुरेशी नव्हती. खाशाबा गावोगाव फिरले. गोळेश्वरच्या लोकांनी वर्गणी काढली. कराडच्या दुकानदारांनी जमेल तसे दिले. तरी बेरीज पुरी होईना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवले आणि सात हजार रुपये उभे केले.

मित्रांनो, ही ओळ मी वाचली तेव्हा मला ती पहिल्यांदा नीट कळलीच नाही. गहाण म्हणजे काय ते मी वडिलांना विचारलं. त्यांनी समजावून सांगितलं, की पैसे फिटले नाहीत तर घर जातं. आमचं अर्धा एकर रान आजोबांच्या वडिलांनी असंच गहाण टाकलं होतं आणि ते सोडवायला अकरा वर्षं लागली, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. मला ते माहीत नव्हतं. प्राचार्यांचा आणि खाशाबांचा नात्याचा काही संबंध नव्हता. एक मास्तर आणि एक विद्यार्थी, एवढंच. आणि विद्यार्थी जिंकेलच असंही नव्हतं. मागच्या वेळी तो सहावा आला होता. माझी आई हे ऐकत होती. तिने वेगळाच प्रश्न काढला. घर गहाण ठेवताना प्राचार्यांच्या घरच्या माणसांना काय वाटलं असेल, हे कोणी लिहून ठेवलंय का, असं तिने विचारलं. मी पुस्तकात शोधलं. मला सापडलं नाही.

खाशाबा हेलसिंकीला पोहोचले. महाराष्ट्राचे आणखी एक मल्ल केशव माणगावे हेही त्या संघात होते. खाशाबांनी कॅनडाच्या मल्लाला हरवले. मग मेक्सिकोच्या मल्लाला. मग जर्मनीच्या मल्लाला. गोळेश्वरचा शेतकऱ्याचा मुलगा, आणि एकामागून एक देश पालथे घालत चालला होता. नंतर गाठ पडली जपानच्या शोहाची इशीशी. ही कुस्ती पंधरा मिनिटे चालली. आपल्याला पंधरा मिनिटे म्हणजे मधली सुट्टीही पुरी वाटत नाही. पण गादीवर जिवाच्या कराराने पंधरा मिनिटे झुंजून बघा. दोघेही घामाने निथळत होते. ती कुस्ती खाशाबा थोडक्या गुणांनी हरले. पुढे सुवर्णपदक याच इशीला मिळाले.

आता जी गोष्ट सांगतो ती आमच्या आबांना सगळ्यात जास्त लागते. एक कुस्ती झाली की पुढच्या कुस्तीआधी मल्लाला निदान तीस मिनिटे विश्रांती द्यायची असा नियम होता. खाशाबांना लगेच रशियाच्या रशीद मम्मदबेयोव या मल्लाशी लढायला बोलावले. दम खायलाही वेळ दिला नाही. अशा वेळी संघाच्या पुढाऱ्याने पंचांकडे जाऊन नियम दाखवायचा असतो. पण भारताचा एकही अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता. खाशाबा एकटे होते. परका देश, परकी भाषा. ते तसेच दमलेले गादीवर गेले आणि हरले. रशियाच्या मल्लाला रौप्यपदक मिळाले आणि खाशाबांना कांस्यपदक. ती तारीख होती २३ जुलै १९५२.

आबा म्हणतात की ते तीस मिनिटं मिळाली असती तर पदकाचा रंग बदलला असता. वडील म्हणतात, जर-तरला कुस्तीत अर्थ नाही. यावर आमच्या घरी पुष्कळ वेळा वाद झालेला आहे आणि तो कधीच निकाली होत नाही. मला विचाराल तर रंग बदलला असता की नाही ते सांगता येत नाही. पण ती वेळ त्यांच्या हक्काची होती. वर्गणी गावाने दिली, घर प्राचार्यांनी दिलं, आणि ज्यांना फक्त दोन शब्द बोलायचे होते ते जागेवर नव्हते. मला याचाच राग येतो.

तरीसुद्धा हे पदक केवढे मोठे होते ते पाहा. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने एकट्याच्या बळावर मिळवलेले ते पहिले ऑलिंपिक पदक होते. हॉकीत आपल्याला सुवर्णपदके मिळत होती, त्याच हेलसिंकीतही मिळाले. पण तो संघाचा खेळ. केशव माणगावे आपल्या गटात चौथे आले, त्यांचे पदक थोडक्यात गेले.

खाशाबा परत आले तेव्हा कराड स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत मिरवणूक निघाली. १५१ बैलगाड्या होत्या. एरवी जो रस्ता पाव तासाचा, त्याला त्या दिवशी सात तास लागले. आमचे आबा तेव्हा सात वर्षांचे होते आणि आपल्या वडिलांच्या खांद्यावर बसून ती मिरवणूक बघायला गेले होते. मी त्यांना विचारलं की पदक कसं दिसत होतं. तर आबांनी पदक पाहिलंच नाही. गर्दी एवढी, की त्यांना दिसले फेटे, बैलांची रंगवलेली शिंगं आणि झुली. हलगी आणि घुंगरमाळांचा आवाज एवढा, की शेजारचा माणूस काय बोलतो ते कळत नव्हतं. मध्येच एक गाडी पुढे गेली आणि तिच्यात हारांच्या ढिगात एक लहानसा माणूस बसलेला दिसला. आबांना वाटलं होतं की जग जिंकून आलेला पैलवान म्हणजे वडाच्या झाडाएवढा असणार. तो एवढासाच निघाला, याचं त्यांना फार नवल वाटलं. आबांनी पुढे आयुष्यात शेकडो कुस्त्या बघितल्या, पण इतक्या वर्षांनी त्यांना कोणी कुस्तीची गोष्ट काढली की पहिल्यांदा हीच आठवण येते. आणि त्या दिवशी तर कुस्ती नव्हतीच.

माझ्या मते मात्र खाशाबांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा प्रसंग मिरवणुकीच्या नंतरचा आहे. हार वाळले, गाड्या आपापल्या गावी गेल्या, आणि प्राचार्यांचं घर अजून गहाणच होतं. पदकाबरोबर पैसे मिळत नसत. आजच्यासारखी कोटींची बक्षिसे तेव्हा नव्हती. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरवले. ते स्वतः त्यात उतरले आणि कुस्त्या जिंकल्या. जे पैसे जमले ते प्राचार्यांना दिले आणि त्यांचे घर सोडवले. विचार करा, ऑलिंपिकमध्ये हरलं तर पदक जातं. या कुस्त्यांत हरलं असतं तर गुरूच्या डोक्यावरचं छप्पर गेलं असतं. या कुस्त्यांचे फोटो मला कुठे सापडले नाहीत. कोणाला पाडलं, किती वेळात पाडलं, तेही पुस्तकात नाही. मी जर त्या काळात असतो तर मला हेलसिंकीपेक्षा याच कुस्त्या बघायला आवडलं असतं. आईचं मतही माझ्यासारखंच आहे. आबा मात्र मिरवणुकीवर ठाम आहेत.

सन १९५५ मध्ये खाशाबा पोलिस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले. नोकरीतही त्यांनी पोलिसांच्या स्पर्धा जिंकल्या आणि दुसऱ्यांना कुस्ती शिकवली. सत्तावीस वर्षे नोकरी करून ते सहायक पोलिस आयुक्त या पदावरून निवृत्त झाले. पण शेवटचे दिवस सुखाचे गेले नाहीत. निवृत्तिवेतनासाठी त्यांना खेटे घालावे लागले. ज्या माणसासाठी १५१ बैलगाड्या जुंपल्या होत्या, त्याचं नाव हळूहळू पेपरातून नाहीसं झालं. सन १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई खेळांत मशाल नेणाऱ्यांमध्ये त्यांना मान दिला, एवढी एक चांगली आठवण त्या वर्षांतली आहे. दिनांक १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ५८ वर्षांचे होते.

मानसन्मान पुष्कळ मिळाले, पण मरणानंतर. महाराष्ट्र शासनाने त्यांना शिवछत्रपती पुरस्कार दिला. केंद्र सरकारने सन २००० चा अर्जुन पुरस्कार दिला. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलात जेथे कुस्त्या होतात त्या जागेला २०१० साली त्यांचे नाव दिले. आता त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी आपण शाळेत लंगडी आणि खो-खोचे सामने घेतले ते याच कारणाने. पुष्कळ मुलांना वाटलं होतं की ते संक्रांतीचे सामने आहेत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

खाशाबांनंतर एकट्याच्या बळावर ऑलिंपिक पदक मिळवणारा दुसरा भारतीय व्हायला १९९६ साल उजाडावं लागलं. तो म्हणजे टेनिसचा लिअँडर पेस. मध्ये ४४ वर्षे गेली. कुस्तीतलं दुसरं पदक सुशीलकुमारने २००८ मध्ये आणलं, म्हणजे ५६ वर्षांनी. आणि महाराष्ट्राला दुसरं वैयक्तिक पदक मिळायला तर ७२ वर्षे लागली. ते २०२४ साली पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत मिळवलं. ही वजाबाकी मी स्वतः केलेली आहे, गणिताच्या बाईंनी तपासली आहे.

त्याच पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत अमन सेहरावतने कांस्यपदक मिळवलं. आता गंमत पाहा. त्याचाही वजनगट ५७ किलोच, खाशाबांचा होता तोच. त्यालाही जपानच्या मल्लाने हरवलं आणि पुढे सुवर्णपदक त्याच जपानी मल्लाला मिळालं. मी हे आबांना सांगितलं तेव्हा ते चष्मा शोधायला उठले. पदकाची कुस्ती ९ ऑगस्टला रात्री होती. आम्ही सगळे वडिलांच्या मोबाइलभोवती बसलो. आबांना एवढ्याशा पडद्यावर नीट दिसत नव्हतं, म्हणून मी गुण सांगत होतो. अमनने पोर्टो रिकोच्या मल्लाला १३ विरुद्ध ५ गुणांनी हरवलं. आम्ही ओरडलो, शेजारचे लोक काय झालं म्हणून बघायला आले. आबा ओरडले नाहीत. त्यांनी मला विचारलं की आधीच्या कुस्तीनंतर या पोराला विश्रांती किती मिळाली होती. ती कुस्ती आदल्या दिवशी झाली होती, म्हणजे पुरी एक रात्र मिळाली, असं मी सांगितलं. मग आबांनी त्याच्याबरोबर आपली माणसं होती का तेही विचारलं. मी मोबाइल त्यांच्या डोळ्यांजवळ धरला आणि गादीच्या कडेला बसलेले दोघे जण दाखवले.